गुढी उभारण्यापूर्वी शेष उरू नये

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त होय. या तिथीस ब्रह्मदेवाने सृष्टी उत्पन्न केली, असे ब्रह्मपुराण मानते. याच तिथीस शालिवाहन शकाचे नवे वर्ष लागते आणि याच दिवसापासून श्रीरामाचे नवरात्र बसते. गुढी कशी उभारावी, कडुनिंबाची पाने कशासह खावीत, पंचांगश्रवणाचे फल काय, हे आमच्या वाचकांस आम्ही नव्याने सांगावे असे नाही. घराघरांतील वडीलधारी मंडळी ते जाणतात आणि यथाशक्ति आचरितातही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते गुढीविषयी नव्हे, तर गुढीच्या आधीच्या पंधरा दिवसांविषयी.

आपल्या महाराष्ट्रात महिना अमान्त आहे. होळी पौर्णिमेस पेटते आणि तिच्यानंतर फाल्गुनाचा वद्य पक्ष शिल्लक राहतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमान्त असल्यामुळे होळीच्या दुसऱ्याच दिवशी तेथे चैत्र लागतो; परंतु संवत्सर मात्र तेथेही शुद्ध प्रतिपदेवाचून बदलत नाही. म्हणजे महिन्याची गणना कोणतीही असो, नव्या वर्षाच्या दाराशी एक वद्य पक्ष ठेवलेला आहेच. या पंधरवड्यात चंद्र दररोज एकेक कला टाकीत जातो आणि अमावास्येस त्याच्याजवळ काही उरत नाही. त्यानंतरच प्रतिपदेस त्याची वाढ सुरू होते. आम्हांस असे वाटते की, गृहस्थाने या पंधरवड्यात चंद्राचेच अनुकरण करावे. घरात साचलेली, रेंगाळलेली, उद्यावर टाकलेली कामे दररोज एकेक उणी करीत न्यावीत, आणि संवत्सर सरताना आपल्याही घरी काही शेष राहू नये.

वऱ्हाडातील घरे या दिवसांत रिकामी बसत नाहीत, हे आम्ही पाहतोच. आमच्या पातुरात फाल्गुन उतरणीस लागला की रेणुकामातेच्या टेकडीवर उन्हाचा ताव जाणवू लागतो आणि गावात मात्र लगबग वाढते. कापसाची वेचणी आटोपलेली असते. तूर, हरभरा, गहू घरात आलेला असतो. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, भिंतींना चुना लागतो, अंगण शेणाने सारवले जाते. गव्हाला ऊन दाखवून त्यात कडुनिंबाचा पाला घालून तो कोठ्यांत भरतात. अंगणात खाटांवर शेवया, कुरोड्या, पापड वाळू लागतात. ही सारी तयारी उत्तमच आहे आणि तिच्यामागे माउल्यांचे जे कष्ट आहेत त्यांस आमचा नमस्कार असो. परंतु भिंत पांढरी झाली म्हणजे घर निर्मळ झाले काय, हा प्रश्न आम्ही या निमित्ताने विचारू इच्छितो. चुना भिंतीला लागतो. भिंतीतील कोनाड्यात दोन वर्षे पडून असलेल्या कागदाला, शेजाऱ्याच्या न परतलेल्या परातीला आणि भावाभावांतील अबोल्याला तो लागत नाही.

शेष म्हणजे काय

नीतिकारांनी तीन गोष्टींचा शेष ठेवू नये असे सांगितले आहे : ऋणाचा, अग्नीचा आणि शत्रुत्वाचा. कारण या तिन्ही वस्तू थोड्या उरल्या तरी उरल्या तेवढ्याच राहत नाहीत. राखेत झाकलेला निखारा वाऱ्याची वाट पाहतो, राहिलेले ऋण व्याजाची वाट पाहते, आणि मनात राहिलेला सल एखाद्या लग्नकार्याची अथवा वाटणीची वाट पाहतो. राहिलेले काम हे त्या तिघांच्याच जातीचे आहे. ज्या दिवशी ते अर्ध्या तासाचे होते त्या दिवशी केले नाही, तर वर्षाने ते अर्ध्या दिवसाचे होते, आणि दहा वर्षांनी त्यास वकील लागतो.

येथे एक शंका संभवते. कोणी म्हणेल, "बुवा, संसारातील काम कधी संपते का? ज्या घरात काही उरलेले नाही असे घर तरी कोठे आहे?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, नित्य काम आणि रेंगाळलेले काम यांत भेद केला पाहिजे. देवापुढे दिवा लावणे, चूल पेटविणे, गुरांना वैरण घालणे ही नित्य कर्मे होत; ती उद्याही आहेतच आणि ती आहेत म्हणूनच घर जिवंत आहे. शेष त्यास म्हणावे, जे करावयाचे असे आपण ठरविले, बहुधा कोणास तरी तसा शब्दही दिला, आणि मग ज्याची आठवण झाली की आपण विषय बदलतो. अशी कामे मोजावयास बसले तर प्रत्येक घरी ती दहापंधरांहून अधिक निघणार नाहीत. पंधरवडाही पंधराच दिवसांचा आहे.

दुसऱ्याचे आपल्या घरी

प्रथम दुसऱ्याच्या घरच्या वस्तूंकडे पाहावे. लग्नाच्या वेळी आणलेली सतरंजी, शेजारची शिडी, बहिणीचा डबा, मामांकडील मोठे पातेले, यांतील किती वस्तू आज आपल्याच झाल्यासारख्या वावरत आहेत? आणणाराचा हेतू वाईट नसतो आणि देणाराही संकोचाने मागत नाही. परंतु मागता न येणे म्हणजे देऊन टाकणे नव्हे. माळा झाडताना जी वस्तू आपली नाही ती घासूनपुसून दाराशी काढून ठेवावी आणि त्याच दिवशी पोचती करावी. रिकामे भांडे परत करू नये, त्यात मूठभर काही घालून द्यावे, ही आपल्या आजीआयांची रीत आहे. नव्या गव्हाच्या दिवसांत ती पाळणे अवघड नाही.

आम्हां पोथ्यापुस्तकांत आयुष्य काढणारांस या बाबतीत एक विशेष दुःख आहे. जुन्या लेखकांनी हस्तलिखिताच्या शेवटी पुस्तकाच्याच तोंडी अशी विनवणी घालून ठेवली आहे की, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. वाचावयास म्हणून नेलेली आणि घरी न परतलेली पुस्तके ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी ही विनवणी मनावर घ्यावी. देवघरातही एकवार दृष्टी टाकावी. भंगलेल्या मूर्ती, फाटक्या तसबिरी, वर्षानुवर्षांच्या अंगाऱ्यांच्या पुड्या यांचे काय करावे हे न कळून त्या एका कोपऱ्यात ढकललेल्या असतात. त्यांचे विधिपूर्वक उत्तरपूजन करावे. धातूची मूर्ती कासाराकडे द्यावी, मातीची घरच्याच बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घालावे, कागद मातीत पुरावा. उन्हाळ्याने आधीच आटलेल्या गावच्या नदीत हे सारे नेऊन टाकणे म्हणजे आपला शेष नदीच्या माथी मारणे होय.

देवाचेही देणे असते. आजारपणात बोललेला नवस, सप्ताहाच्या मंडपात सर्वांसमक्ष जाहीर केलेला आकडा, जीर्णोद्धाराच्या वहीत लिहिलेली वर्गणी! कीर्तनाच्या गजरात उच्चारलेल्या आकड्यांपैकी सगळेच वहीत जमा होत नाहीत, हे आम्हांस व्यासपीठावरून पुष्कळदा दिसते. ज्यांची ऐपत राहिली नाही त्यांनी देवापुढे नारळ ठेवून तसे सांगावे. देव सावकार नाही. परंतु ज्यांची ऐपत आहे, त्यांनी फलकावरील नाव आणि वहीतील जमा यांत अंतर ठेवू नये.

सालदाराचा हिशेब

आता आम्ही अधिक महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. आपल्याकडे वर्ष एकच नाही. गुजराती-मारवाडी पेढ्यांची वही दिवाळीस बदलते. सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि घरपट्टी, पाणीपट्टी, पीककर्ज यांची धावपळ त्या तारखेस होते. शेतकऱ्याचे वर्ष मात्र विदर्भात पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे. सालदार ठेवावयाचा तो पाडव्यास. त्याचे साल फिटावयाचे ते पुढच्या पाडव्यास. जुन्या काळी मोबदल्यात ज्वारी असे, थोडे रोख असे, अंगावरचे कापड आणि पायातील जोडा असे. आता बहुतेक व्यवहार रोखीचा झाला आहे, सालाचा आकडा पुष्कळ ठिकाणी लाखापलीकडे गेला आहे आणि सालदार मिळणेही दुर्मिळ झाले आहे. तरीपण जेथे ही रीत चालू आहे तेथे पाडवा हा एका घराचा सण आणि दुसऱ्या घराचा न्यायदिवस असतो. मालकाच्या दारी गुढी उभी राहते त्याच वेळी सालदाराचे कुटुंब हातात काय पडते याची वाट पाहत असते.

अयोध्याकांडाच्या शंभराव्या सर्गात चित्रकूटावर आलेल्या भरतास श्रीराम राज्याचे कुशल विचारतात. त्या प्रश्नांत एक प्रश्न असा आहे की, सैन्यास ठरलेला शिधा आणि वेतन योग्य वेळी देतोस ना, त्यात विलंब तर करीत नाहीस? वेतन लांबले की सेवकांचे मन धन्यावरून उडते आणि त्यातून मोठा अनर्थ होतो, असेही राम पुढे सांगतात. वल्कले नेसून वनात बसलेला राम, पित्याच्या शोकातून न सावरलेला भरत, आणि त्या भेटीत हा प्रश्न! धर्माचे चिंतन चाकरांच्या वेतनापर्यंत उतरले पाहिजे, याची याहून थोर साक्ष दुसरी कोणती? ज्या घरी पाडव्यापासून रामनवमीपर्यंत रामायणाचे वाचन होते, त्या घरी सालदाराचे, मोलकरणीचे, दूधवाल्याचे, गवंड्याचे मागील देणे राहिले असेल, तर वाचनाचा आरंभ त्या देण्यापासून करावा.

याच ठिकाणी उचलीचा विचार येतो. सालदार दुखण्याकरिता अथवा मुलीच्या लग्नाकरिता आगाऊ रक्कम उचलतो. साल संपते, उचल संपत नाही, आणि ती पुढच्या पाडव्यावर, त्याच्याही पुढच्या पाडव्यावर ढकलली जाते. बापाच्या उचलीपायी मुलगा गोठ्यात उभा राहिला, अशी उदाहरणे मागील पिढ्यांत पुष्कळ झाली. १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियमाने अशा बांधिलकीचे कर्जच नाहीसे केले. कायद्याने जे पुसले आहे ते कोणाच्या वहीत उरले असेल, तर पाडव्यापूर्वी ते पान फाडावे. गरिबाच्या उचलीतील जी बाकी माफ करता येईल ती करावी. जी करता येणार नाही तिचा आकडा त्याच्यासमक्ष, त्याला समजेल अशा रीतीने वाचून दाखवावा. अडाण्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्याला न सांगणे, हे अभक्ष्यभक्षणाहून लहान पाप आहे असे आम्ही मानीत नाही.

मृताच्या नावे जिवंत शेत

तिसरे काम कागदांचे. वडील वारले, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झाले. परंतु सातबाऱ्यावर वडीलच नांदत आहेत, असे चित्र खेडोपाडी दिसते. काही घरी तर आजोबा नांदत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. वारसाहक्काने वा अन्य रीतीने जमिनीत हक्क प्राप्त झाला, तर त्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी, असे तिने सांगून ठेवले आहे. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पदनाम बदलले, पण आपली टाळाटाळ बदलली नाही. ही टाळाटाळ किती घरांत साचली असेल याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली आणि पुढे १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर चालविण्यात आली. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. म्हणजे घरोघरच्या गुढ्या उतरल्याला दोन दिवस झाले नाहीत, तोच आपण न केलेले काम सरकारला हाती घ्यावे लागले!

ज्या पित्याच्या नावाने आपण अमावास्येस तर्पण करतो, त्याच पित्याचे नाव दहा वर्षे कागदावर अडकवून ठेवणे ही कोणती पितृभक्ती? श्रुतीने मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. पितृऋण संततीने फिटते, असे शास्त्र सांगते. परंतु संततीने पित्याची मालमत्ता एकमेकांवरील दाव्यांच्या रूपाने पुढील पिढीस दिली, तर ते ऋण फिटले असे कोण म्हणेल? वारसाची नोंद नसेल तर पीककर्ज अडते, अतिवृष्टीची मदत अडते, विम्याची रक्कम अडते. आणि या अडचणीत सर्वांत आधी सापडते ती घरची विधवा.

वारसाची नोंद म्हटली की बहिणींचा विषय निघतो, आणि येथेच बहुतेक घरांची पावले थबकतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सर्व देशाने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निःसंदिग्ध केला. काही वृद्ध मंडळी हे धर्माविरुद्ध आहे असे म्हणतात. त्यांस आमची विनंती की, त्यांनी याज्ञवल्क्यस्मृती उघडावी. तिच्यात अपुत्र मनुष्याच्या वारसांची गणना करताना पत्नी प्रथम आणि तिच्यामागोमाग कन्या सांगितल्या आहेत. आईबाप आणि भाऊ त्यांच्या मागून येतात. ज्या मिताक्षरेवर आपला जुना वारसाधर्म उभा होता, ती या स्मृतीवरचीच टीका. मुलीचा हक्क ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

पाडव्याला, दिवाळीला बहिणीला माहेरी बोलवावयाचे, साडीचोळी करावयाची आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे ठेवावयाचे, हा प्रकार आम्हांस अत्यंत अशोभनीय वाटतो. बहिणीने स्वतः होऊन, विचार करून, हक्क सोडला तर तो तिचा थोरपणा. परंतु माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे दान नव्हे. तिला कागद द्यावा, चार दिवस द्यावेत, आणि ती जे म्हणेल ते मान्य करावे. माहेरचा उंबरठा हा सहीच्या बदल्यात मिळावयाची वस्तू नाही.

तीच गोष्ट स्त्रीधनाची. मृगाच्या पेरणीला बियाणे हवे म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण पडतात, आणि कापूस विकल्यावर सोडवू असा शब्द दिला जातो. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंधन या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत देण्याची सक्ती याज्ञवल्क्याने ठेवली नाही; याचा अर्थ इतर प्रसंगीचे परत दिलेच पाहिजे. यंदा कापसाला भाव मिळाला असेल आणि मोटारसायकल दारी आली असेल, तर पाटल्या अद्याप पेढीत का, याचे उत्तर गृहस्थाने गुढीपुढे उभे राहण्यापूर्वी स्वतःस द्यावे.

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. झाडणे, सारवणे, घासणे, वाळवणे ही कामे घरातील स्त्रिया दरवर्षी वेळेवर पुऱ्या करतात. जे रेंगाळते ते बहुधा पुरुषांच्या वाट्याचे असते : कचेरीचा खेप, उसन्याची फेड, वाटणीचा निवाडा, तुटलेल्या संबंधाची पहिली हाक. दारावर तोरण लावले की आपले काम झाले असे समजणाऱ्या गृहस्थांनी यंदा आपल्या नावावरची कामे एका कागदावर लिहावीत, आणि तो कागद गृहिणीच्या हाती द्यावा. तिला ती सगळी आधीच पाठ असतील!

एक पै आणि अर्धी खते

नाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैचा मेळ बसेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी म्हणाले, जी एकाग्रता एका पैसाठी लाविलीस ती परमेश्वराकडे लाव. कीर्तनकार बहुधा येथे थांबून एकाग्रतेचे माहात्म्य सांगतात. आम्ही श्रोत्यांस थोडे मागे नेऊ इच्छितो. नाथांस ईश्वराकडे लावावयास ती एकाग्रता मिळाली कोठून? एक पै राहिली तर राहू द्या, असे ज्यास म्हणता येत नव्हते, त्याच्यापाशीच ती होती.

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हेही आपण ऐकतो. परंतु महिपतीबुवांनी सांगितलेला त्यातील एक तपशील सहसा ध्यानात येत नाही. सर्व खते तुकोबांनी बुडविली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी त्यांनी त्यास देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी आपले औदार्य केले नाही. बहिणीचा वाटा आपल्या मुलाच्या नावे करून देवळाला कळस चढविणारांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

आणि आपल्या वऱ्हाडाचे गाडगेबाबा! १८७६ मध्ये शेंडगावी जन्मलेल्या, मामाच्या घरी दापुऱ्यास वाढलेल्या या पुरुषाने मामाची जमीन सावकाराच्या कागदात जाताना पाहिली. १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत ते गावोगाव हेच सांगत राहिले की, ऋण काढून सण करू नका. गावात आले की आधी खराटा चालावयाचा आणि मग कीर्तन व्हावयाचे. हा क्रम आम्हां सर्व कीर्तनकारांनी शिरोधार्य मानावा असा आहे.

ज्यास फेडणे शक्य नाही त्याने

हे सर्व वाचून एखादा वाचक खिन्न होईल. तो म्हणेल, देण्याची इच्छा आहे. पण पाऊस लांबला, बोंडअळी पडली, भाव कोसळला, देऊ कोठून? या वाचकास आम्ही दोष देत नाही. आमचे बोलणे ज्याच्याजवळ आहे आणि जो देत नाही, त्याच्याशी आहे. ज्याच्याजवळ नाही त्याने दोनच गोष्टी कराव्यात. धनकोकडे स्वतः जावे, आकडा मान्य करावा आणि पुढची तिथी सांगून यावे. तोंड चुकविल्याने देणे कमी होत नाही, माणूस कमी होतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : आपल्यावर किती देणे आहे हे घरात सांगावे. या वऱ्हाडात ऋणाच्या भाराने कितीएक कर्त्या पुरुषांनी आपला जीव दिला. सावकाराचे नाव आणि कर्जाचा आकडा माणूस गेल्यावर पत्नीस प्रथमच कळला, असेही पुष्कळ घरी झाले. सर्वांत घातक शेष तो हाच. फाल्गुनाच्या एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर बायकामुलांस जवळ बसवून सगळा आकडा सांगून टाकावा. चौघांनी ऐकलेले ओझे एकट्याच्या मानेवर राहत नाही. यक्षाने सुखी कोण असे विचारले, तेव्हा धर्मराजाने महाल सांगितला नाही; उशिरा का होईना, पण आपल्या घरी नुसती पालेभाजी शिजवून खाणारा, अनृणी आणि परगावी वणवण न करणारा मनुष्य सुखी, असे तो म्हणाला. त्या पालेभाजीची लाज घरात कोणाला वाटत नाही. कर्त्या पुरुषास वाटते ती त्याचीच समजूत असते.

काही जण अमावास्येस देणेघेणे नको म्हणतात. मुहूर्तग्रंथांत मंगळवारी कर्ज काढू नये असे आहे. पण फेडण्यास तोच मंगळवार चांगला, असेही आहे. देणे फेडण्यास कोणतीही तिथी निषिद्ध मानू नये. शांतिपर्वातील पितापुत्रसंवादात उद्याचे काम आज करावे, कारण मृत्यू कोणाचे काम झाले की राहिले याची चौकशी करीत नाही, असा उपदेश आहे. तेथे उपदेश करणारा मुलगा आहे आणि ऐकणारा बाप आहे. आपल्याही घरी मुलाने एखाद्या राहिलेल्या कामाची आठवण दिली, तर त्यास गप्प बसवू नये.

शेवटी मनाचा शेष. भावाशी अबोला, व्याह्यांशी रुसवा, शेजाऱ्याशी बांधावरून झालेली बोलाचाली. यास ना कचेरी लागते ना पैसा. पाडव्यास सकाळी साखरेच्या गाठीचा हार मुलाच्या गळ्यात घालून त्यास काकांच्या घरी धाडावे, अथवा आपणच जावे. चूक कोणाची होती याचा निवाडा त्या दिवशी करू नये; तो करावयास बसलो म्हणूनच एवढी वर्षे गेली.

वाचकहो, फाल्गुनाचे जे दिवस हाती उरले आहेत ते अल्प आहेत, पण पुरेसे आहेत. आजच कागद घ्यावा, कामे लिहावीत, आणि ज्याची आठवण सर्वांत कडू वाटते त्या कामास प्रथम हात घालावा. प्रतिपदेस आपण निंबाचा पाला गुळाआधी मनात धरतोच. अभ्यंग करून, शुचिर्भूत होऊन, काठीस रेशमी वस्त्र बांधताना आपल्या दारी कोणी आपले मागावयास उभा नाही, ही शांती ज्यास लाभली त्याची गुढी खरी उंच. श्रीरेणुकामाता सर्व वाचकांस हे नवे संवत्सर आरोग्याचे, धनधान्याचे आणि अनृण्याचे देवो, ही प्रार्थना.